ठाणे वेस्टमधला ‘वेस्ट’ कोणता?

कळव्यात दर रविवारी सकाळी मी इंग्रजीचा एक छोटा वर्ग घेते. येणारे सगळे मराठी माध्यमातून शिकलेले आणि आठवडाभर कामाला जाणारे. कुणी तुर्भ्याच्या गोदामात, कुणी ऐरोलीला डेटा एंट्रीत, कुणी रबाळ्याच्या कारखान्यात. मागच्या पावसाळ्यात यातली एक मुलगी कुरिअरची एक चिठ्ठी घेऊन आली. तिच्या ऑफिसातून रोज ढीगभर पाकिटं बाहेर जातात आणि त्यांच्यावर पत्ते घालायचं काम तिच्याकडे असतं. चिठ्ठीवर नाव बरोबर होतं, इमारत बरोबर, गोखले रोड, नौपाडा बरोबर. शेवटी ठाणे, आणि त्यापुढे वेस्ट. पण हे वेस्ट तिने डब्ल्यू-ए-एस-टी-ई असं लिहिलं होतं. पश्चिमेच्या जागी कचरा.

तिच्या साहेबांनी ती चिठ्ठी सगळ्या ऑफिसात फिरवली होती. तिला वाईट वाटलं होतं, पण वर्गात आल्यावर तिने रडगाणं गायलं नाही. तिने नीट प्रश्न विचारला: “मॅडम, मला दोन्ही स्पेलिंगं पाठ आहेत. आत्ता विचारा, सांगते. मग लिहिताना हातून हे का लिहिलं गेलं?”

या प्रश्नाने मला बरेच दिवस विचार करायला लावला. कारण आपण इंग्रजीतल्या अशा चुकांना ‘स्पेलिंग कच्चं आहे’ म्हणून मोकळे होतो. तिचं स्पेलिंग पक्कं होतं. चूक झाली ती कान आणि हात यांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा आपल्याकडे कुणी शिकवत नाही.

त्या दिवशी मी फळ्यावर चार शब्द लिहिले. डब्ल्यू-ई-एस-टी, म्हणजे पश्चिम. डब्ल्यू-ए-एस-टी-ई, म्हणजे कचरा किंवा वाया घालवणं. डब्ल्यू-ए-आय-एस-टी, म्हणजे कंबर. आणि व्ही-ई-एस-टी, म्हणजे बनियन. मग सगळ्यांना एकेक करून वाचायला सांगितलं. वेस्ट, वेस्ट, वेस्ट, वेस्ट. मराठी कानात या चारही शब्दांसाठी एकच खण आहे. हात त्या खणात गेला की जे वर असेल ते बाहेर येतं. तिच्या सोसायटीत रोज ओला कचरा-सुका कचरा चाललेला, डब्यांवर इंग्रजीत पाटी लावलेली, तेव्हा खणात वर काय होतं हे सांगायला नको.

आता इथे एक भेद करायला हवा, आणि बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. या चारांपैकी खरोखर समोच्चारी, म्हणजे इंग्रज माणसाच्या तोंडीसुद्धा अगदी सारखेच वाजणारे, फक्त दोनच आहेत: कचरा आणि कंबर. पश्चिम आणि बनियन हे दोघे त्यांच्यापासून वेगळे वाजतात आणि एकमेकांपासूनही वेगळे. ते आपण एकसारखे केले, कारण आपल्या भाषेत एकच ‘व’ आहे आणि एकच ‘ए’ आहे.

तोंडाकडे लक्ष देऊन बघा. इंग्रजी डब्ल्यूला ओठ शिट्टी मारायला काढतो तसे गोल होतात आणि दात कुठेच टेकत नाहीत. इंग्रजी व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासून जाते. आपला मराठी ‘व’ या दोघांच्या मधे कुठेतरी राहतो, दात ओठाजवळ नेतो पण घासत नाही. म्हणून आपल्याला बनियन आणि पश्चिम एकच वाटतात. ‘ए’चंही तसंच. कचऱ्यातला ‘ए’ लांब असतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे वळतो, ‘वेइस्ट’ म्हटल्यासारखा. पश्चिमेतला ‘ए’ आखूड असतो, तोंड जरा जास्त उघडून झटकन संपतो. मराठीत आपण ‘वेळ’ म्हणताना जो ‘ए’ काढतो तो या दोघांचंही काम करतो. त्यामुळे चव आणि परीक्षा या दोघांनाही आपण ‘टेस्ट’ म्हणतो. विकणं आणि सवलतीची विक्री दोन्ही ‘सेल’, फाटक आणि मिळवणं दोन्ही ‘गेट’, लेखणी आणि दुखणं दोन्ही ‘पेन’. ‘भाजीची टेस्ट मस्त झालीय’ हे वाक्य आपल्या घराघरात आहे आणि बोलताना त्याने काही बिघडत नाही. ते टी-ई-एस-टी असं लिहिलं की मात्र भाजीची परीक्षा होते.

म्हणून माझं सांगणं असं की ज्यांना समोच्चारी शब्दांचा त्रास होतो त्यांनी आधी यादी दोन भागांत फोडावी. एका भागात इंग्रजीतच सारखे वाजणारे शब्द. तिथे कान कितीही तयार केला तरी उपयोग नाही, तिथे अर्थच विचारावा लागतो. दुसऱ्या भागात आपण आपल्या उच्चाराने सारखे केलेले शब्द. तिथे तोंडाला आठवडाभर सराव दिला तर स्पेलिंग बऱ्याच अंशी आपोआप सुधारतं, कारण वेगळं बोललं की वेगळं ऐकू येतं. त्या मुलीची चूक दुसऱ्या भागातली होती. तिला मी पाठांतर दिलंच नाही. रोज दहा वेळा ‘वेइस्ट’ आणि ‘वेस्ट’ मोठ्याने म्हण, एवढंच सांगितलं.

पण पहिल्या भागाचं काय? इंग्रजीने असा घोळ मुळात ठेवलाच का?

आपल्याला हे विचित्र वाटतं याला कारण आहे. देवनागरी ही ऐकलेलं लिहायची लिपी. ‘कमळ’ ऐकलं, ‘कमळ’ लिहिलं. लहानपणी आपण मुळाक्षरं आणि बाराखडी शिकलो आणि मग जवळजवळ कुठलाही शब्द लिहू लागलो. इंग्रजी लिपीही कधीकाळी अशीच होती. आज जी अक्षरं मुकी वाटतात ती एके काळी बोलत होती.

इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना उभा केला. छापखाना आला की शब्द खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, अडकायला लागतात. एकदा एका पद्धतीने छापलेला शब्द पुढचा छापणारा तसाच छापतो. पण नेमक्या याच काळात इंग्रजांच्या तोंडातले स्वर आपली जागा सोडत होते. साधारण पंधराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत त्यांचे सगळे दीर्घ स्वर हळूहळू सरकले. भेटणं या अर्थाचा ‘मीट’, ज्यात दोन ई आहेत, तो पूर्वी ‘मेट’सारखा म्हणत. मांस या अर्थाचा ‘मीट’, ज्यात ई-ए आहे, त्यातला स्वर ‘अ‍ॅ’कडे झुकलेला असे. दोन वेगळे आवाज, म्हणून दोन वेगळी स्पेलिंगं. अगदी आपल्यासारखा हिशेब. पुढे दोघेही सरकत सरकत ‘ई’वर येऊन थांबले. आवाज एक झाला, अक्षरं मात्र छापखान्याने धरून ठेवली. समुद्र आणि पाहणं या दोन ‘सी’ची गोष्टही हीच.

मुक्या अक्षरांची गोष्ट मला याहून आवडते, कारण ती आपल्या घरापर्यंत येते. दोन या अर्थाच्या ‘टू’मध्ये डब्ल्यू कशाला? कारण तो एके काळी म्हणत असत. आपल्या संस्कृतातल्या ‘द्वि’मधला ‘व’ तोच. ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन, ट्वाइस या सगळ्यांत तो आजही ऐकू येतो, एकट्या ‘टू’मध्ये गप्प झाला. ‘नो’ म्हणजे जाणणं, त्याच्या सुरुवातीचा के आपल्या ‘ज्ञान’मधल्या ‘ज्ञ’चा भाऊ आहे. गुडघ्याच्या ‘नी’तला के ‘आजानुबाहू’तल्या ‘जानु’च्या घरचा. रात्रीच्या ‘नाइट’मधला जी-एच म्हणजे ‘नक्त’मधला ‘क्’; संस्कृतात नक्त म्हणजे रात्र. सोमवारचं नक्त करणाऱ्या आजीला हे सांगितलं तर तिला ते लगेच पटेल. तो जी-एच पूर्वी घशातून काढायच्या ‘ख’सारखा म्हणत, आणि जर्मन लोक रात्रीला ‘नाख्ट’ म्हणताना आजही तसा म्हणतात. बरोबर या अर्थाचा ‘राइट’ आपल्या ‘ऋजु’चा नातेवाईक. ही उसनवारी नव्हे. दोन्ही भाषांची मुळं फार मागे एका जागी जातात.

एक उदाहरण तर प्रत्येक मराठी माणसाच्या ओळखीचं आहे. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्य’ असे शब्द आहेत, शहाजींच्या पुत्राची, शिवाची. त्यातला ‘सूनु’ म्हणजे मुलगा. इंग्रजीतला मुलगा, एस-ओ-एन, हा त्याच ‘सूनु’चा चुलतभाऊ. जुन्या इंग्रजीत तो ‘सुनु’ असाच म्हणत. मग त्यात यू का नाही, ओ का आहे? जुन्या हस्तलिखितांत यू, एन, एम ही अक्षरं नुसत्या उभ्या रेघांनी लिहायचे. यूच्या शेजारी एन आला की चार रेघा एका ओळीत उभ्या राहायच्या आणि कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळेना. म्हणून लेखनिक अशा जागी यूऐवजी ओ काढू लागले. सूर्याच्या ‘सन’मध्ये यू टिकला, मुलाच्या ‘सन’मध्ये ओ बसला. आज आपण दोन्ही ‘सन’ सारखेच म्हणतो आणि घोटाळतो, पण त्या ओमागे वाचणाऱ्याची सोय बघणारा एक लेखनिक आहे.

आणि हे सगळं आपल्याला इतकं परकं नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ रोजच्या बोलण्यात कोण वेगळे म्हणतं? ‘शिर’ म्हणजे डोकं आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. ‘पाणि’ म्हणजे हात, ‘पाणी’ म्हणजे जल. आपल्याकडे 1962 साली शुद्धलेखनाचे नियम ठरले आणि शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहायचे असं झालं, तेव्हा एकटा लिहिलेला हातही ‘पाणी’च झाला. ‘पाणिग्रहण’मध्ये मात्र तो ऱ्हस्व राहिला. तरी लग्नपत्रिकेत तो शब्द वाचून कुणाला पाणी आठवत नाही, कारण आपण आवाजावरून नाही तर वाक्यावरून अर्थ घेतो. इंग्रजीतही तेच करायचं आहे. आपल्याला ते येतं. फक्त इंग्रजी लिहायला बसलो की आपण घाबरून पुन्हा आवाजाकडे धावतो.

वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ छोट्या शब्दांना देते. मोठे शब्द कधीतरी येतात, पण देअर, इट्स, युअर आणि टू हे प्रत्येक मेलमध्ये येतात, आणि नोकरीच्या अर्जात वाचणाऱ्याचं लक्ष पहिल्यांदा तिथेच अडतं.

‘देअर’ तीन आहेत. पहिला टी-एच-ई-आय-आर, त्यांचा. दुसरा टी-एच-ई-आर-ई, तिथे. तिसरा टी-एच-ई-वाय, मग वर टांगलेला स्वल्पविराम, मग आर-ई. हा जोडशब्द आहे, ‘ते आहेत’. शाळेत हे तिन्ही एका पानावर, एकाखाली एक पाठ करून घेतात: टी-एच-ई-आय-आर देअर, देअर म्हणजे त्यांचा. माझ्या अनुभवात घोटाळा होतो तो यामुळेच. शेजारी शेजारी पाठ केलेल्या गोष्टी शेजारी शेजारीच आठवतात. म्हणून मी त्यांची घरं वेगळी करते. ‘त्यांचा’वाला देअर हा दे, देम, देअर या घरातला. तिघांचीही सुरुवात टी-एच-ई, आणि ‘दे’मधल्या वायचा इथे आय झाला आहे. ‘तिथे’वाला देअर हा हिअर, देअर, व्हेअर या घरातला: इथे, तिथे, कुठे. तिघांच्याही पोटात एच-ई-आर-ई आहे. हे एकदा दिसलं की पुन्हा विसरत नाही.

तिसऱ्या देअरला मराठीचीच मदत होते. इंग्रज माणूस बोलताना ‘दे आर’ची घडी घालून ‘दे’र’ करतो. आपणही रात्रंदिवस हेच करतो. ‘करतो आहे’चं ‘करतोय’, ‘जात आहेत’चं ‘जातायत’, ‘थकले आहेत’चं ‘थकलेत’. आपण घडी घालताना खूण ठेवत नाही. इंग्रजीत जिथून अक्षर गळलं तिथे वर एक टांगलेला स्वल्पविराम ठेवायची पद्धत आहे, त्याला अ‍ॅपॉस्ट्रॉफी म्हणतात. तेव्हा परीक्षा सोपी आहे. घडी उलगडून बघायची. ‘ते थकलेत’चं ‘ते थकले आहेत’ होतं ना? मग इथे वर स्वल्पविराम हवा. ‘त्यांची बॅग’ उलगडून ‘ते आहेत बॅग’ होत नाही, म्हणजे तो देअर दुसरा.

मराठी वाक्यावरून देअर ओळखायची ही रीत एका ठिकाणी दगा देते आणि ते आधीच सांगितलेलं बरं. ‘स्टेशनबाहेर रिक्षा स्टँड आहे’ हे इंग्रजीत ‘देअर इज’ने सुरू होतं, पण मराठी वाक्यात ‘तिथे’ कुठेच नाही. इंग्रजी वाक्याला पुढे कर्त्याच्या जागी काहीतरी बसवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ते रिकामा ‘देअर’ बसवतं. मागोमाग इज, आर, वॉज किंवा वेअर असेल आणि अर्थ ‘त्यांचा’ निघत नसेल, तर डोळे मिटून एच-ई-आर-ईवाला घ्यावा.

‘इट्स’ने तर शिकलेल्या लोकांनाही फसवलं आहे, आणि त्यात त्यांचा दोष कमी आहे. मालकी दाखवायला इंग्रजीत नावापुढे वर स्वल्पविराम आणि एस लावतात: आईचा, शेजाऱ्यांचा, कंपनीचा. मग ‘त्याचा’ला तो का नको? कारण इंग्रजीत सर्वनामांची मालकीची रूपं घडवलेली असतात, चिकटवलेली नसतात. हिज, हर, अवर, देअर, हूज. यांतल्या कुणालाच वर स्वल्पविराम नाही. आपल्याकडेही ‘त्याचा’, ‘तिचा’, ‘आमचा’ ही तयार रूपंच आहेत. ‘इट्स’ त्यांच्याच रांगेत उभं करा: आय-टी-एस, सरळ. वर स्वल्पविराम दिसला की समजायचं की ही ‘इट इज’ची घडी आहे, किंवा क्वचित ‘इट हॅज’ची. ‘युअर’ आणि ‘हूज’ यांनाही हीच परीक्षा लागू पडते, वेगळं काही शिकावं लागत नाही.

उरला ‘टू’. नुसता टी-ओ म्हणजे -ला, -कडे, -पर्यंत: ठाण्याला, वाशीपर्यंत. टी-डब्ल्यू-ओ म्हणजे दोन, आणि त्याचं घर ट्वेल्व्ह-ट्वेंटीचं, वर सांगितलंच. टी-ओ-ओ म्हणजे ‘सुद्धा’ किंवा ‘फारच’. मराठीत वाक्यात ‘ही’, ‘पण’, ‘सुद्धा’ किंवा ‘जरा जास्तच’ असेल तर इंग्रजीतला ओसुद्धा जास्तीचा. मुलांना हे एकदाच सांगावं लागतं.

मोठ्या शब्दांत मात्र एकेकाची गोष्ट वेगळी असते आणि कधी कधी तिची किंमत मोजावी लागते. रबाळ्याच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करणारे एक दादा वर्गाला येतात, पन्नाशीच्या जवळचे. दुपारपाळीत त्यांच्या मशीनचा पट्टा तुटला. त्यांनी लॉगबुकात वेळ टाकली, 3.20, आणि लिहिलं ‘मशीन ब्रेक’. त्यांना म्हणायचं होतं की मशीन मोडलं, बंद पडलं. पण लिहिलं त्यांनी बी-आर-ए-के-ई, म्हणजे गाडीला असतो तो ब्रेक. प्रेसलाही ब्रेक असतो. रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्याने वही वाचली आणि पाऊण तास ब्रेकच उघडून बसला. तुटलेला पट्टा गार्डच्या आत होता, तो शेवटी दिसला. दादांना कुणी काही बोललं नाही, पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि पुढच्या रविवारी वहीचं ते पान मोबाइलवर फोटो काढून आणलं. निळ्या पेनाने, ठळक, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. एकच अक्षर इकडचं तिकडे.

मोडण्याचा ब्रेक म्हणजे बी-आर-ई-ए-के. मी त्यांना म्हटलं, ‘ब्रेकफास्ट’ आठवा. रात्रभरचा उपास सकाळी मोडायचा, म्हणून ब्रेक-फास्ट. फास्ट म्हणजे उपास. जिथे काही मोडतं, तुटतं, सुटतं, तिथे ब्रेकफास्टचं स्पेलिंग. सुट्टीचा ब्रेकसुद्धा तोच, कारण तिथे काम मोडतं. ‘मग ई-ए असून याला ब्रीक का नाही म्हणत, मीटसारखं?’ त्यांनी विचारलं, आणि मला फार बरं वाटलं, कारण स्वर सरकल्याची गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली होती. झालं असं की ई-एवाले बहुतेक शब्द ‘ई’पर्यंत गेले आणि दोन-तीन मागेच थांबले. ब्रेक, ग्रेट आणि स्टेक. बाकीच्यांबरोबर न जाता ते ‘ए’वरच राहिले.

‘स्टेशनरी’चंही असंच. वह्या-पेनांची स्टेशनरी शेवटी ई-आर-वाय, आणि जागचं न हलणारं या अर्थाची स्टेशनरी ए-आर-वाय. बेकरी, ग्रोसरी या दुकानांच्या शेवटीही ई-आर-वायच असतं, तेव्हा दुकानाचा माल तिकडे. पण गंमतीची गोष्ट अशी की दोन्ही शब्दांचं मूळ एक आहे. जुन्या काळी बहुतेक व्यापारी फिरते असत. एका जागी ठाण मांडून पुस्तकं-कागद विकणाऱ्याला ‘स्टेशनर’ म्हणू लागले, फेरीवाला नाही तो, आणि त्याच्याकडे मिळतो तो माल स्टेशनरी.

‘प्रिन्सिपल’ नवी मुंबईत घराचं कर्ज काढलेल्या प्रत्येकाने रोज बघितलेला शब्द आहे. कर्जाच्या कागदावर असतं ते मुद्दल, शेवटी पी-ए-एल. शाळेचे मुख्याध्यापकही पी-ए-एल. दोन्हींत ‘मुख्य’ आहे: मुख्य रक्कम, मुख्य शिक्षक. तत्त्व या अर्थाचा प्रिन्सिपल पी-एल-ई, ‘रूल’सारखा एल-ईने संपणारा, आणि तत्त्व हा एक नियमच की.

बाकीचे भरभर सांगते. वजनाच्या ‘वेट’मध्ये अख्खा ‘एट’ बसला आहे, आकडा, कारण वजन आकड्यात सांगतात. वाट बघायच्या ‘वेट’मध्ये ए-आय. ऐकण्याच्या ‘हिअर’मध्ये कान आहे, ई-ए-आर. पूरक या अर्थाचा ‘कॉम्प्लिमेंट’ ‘कम्प्लीट’च्या घरचा, म्हणून मधे ई. कौतुकाच्या शब्दात मधे आय. रिक्षाच्या मीटरवरचं ‘फेअर’ ए-आर-ई, जत्रा आणि न्याय्य दोन्ही ए-आय-आर. बांधकामाची ‘साइट’ एस-आय-टी-ई, नजरेची साइट जी-एचवाली, रात्रीच्या नाइटसारखी.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. स्पेलिंग तपासणारी सोय या चुका पकडेलच असं नाही. तिचं मुख्य काम शब्दकोशात नसलेला शब्द दाखवण्याचं, आणि इथे दोन्ही शब्द कोशात आहेत. लाल रेघ उमटत नाही आणि आपण निर्धास्त होतो. बोलून टाइप करणाऱ्या सोयीलाही आवाज एकच मिळतो, ती आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते, आणि वाक्य तोकडं असेल तर अंदाज चुकतो. म्हणून मेल लिहून झाला की एकदा फक्त या चार-पाच छोट्या शब्दांवर बोट ठेवून वाचावा. पूर्ण मेल पुन्हा वाचायला आपण कंटाळतो, एवढं मात्र होतं.

आवाज एक आणि स्पेलिंगं अनेक, हे आपल्या गावाच्या नावालाही झालं आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, तेव्हा इंग्रज लोक हे नाव टी-ए-एन-एन-ए-एच असं लिहीत. पुढे ते टी-एच-ए-एन-ए झालं आणि आता टी-एच-ए-एन-ई आहे. गाव तेच, मराठी तोंडातला उच्चारही तोच. उलट बाजूने, टी-एच-ए-एन-ई हा इंग्रजीत आधीपासून असलेला शब्द आहे. त्याचा उच्चार ‘थेन’ आणि अर्थ जुन्या इंग्लंड-स्कॉटलंडमधला जमीनदार सरदार. एकच स्पेलिंग, दोन आवाज, दोन अर्थ. परदेशातून आलेला पाहुणा पाटी वाचून ‘थेन’ म्हणाला तर तो अडाणी नाही. तोही आपल्यासारखाच, आपल्या भाषेच्या सवयीने वाचतोय.

गेल्या रविवारी मी वर्गाला एकच वाक्य श्रुतलेखनाला घातलं. तुम्हीही कागद घ्या. ‘दे’र वेटिंग देअर विथ देअर टू बॅग्ज, अँड आय अ‍ॅम वेटिंग टू.’ ते त्यांच्या दोन बॅगा घेऊन तिथे थांबलेत, आणि मीही थांबलेय. तीन देअर, दोन टू, दोन वेटिंग.

पहिला देअर घडीचा, ‘थांबलेत’ उलगडून बघा. दुसरा हिअर-व्हेअरच्या घरचा. तिसरा दे-देमच्या घरचा. दोन्ही वेटिंगमध्ये ए-आय, कारण इथे वजन नाही, वाट बघणं आहे. शेवटच्या टूमध्ये ‘मीही’तला ‘ही’, म्हणून ओ जास्तीचा. कुरिअरच्या चिठ्ठ्या लिहिणारी ती मुलगी खिडकीपाशी बसली होती. तिने तिन्ही देअर न अडखळता लिहिले आणि बॅगांच्या आधीच्या टूला घाईत दोन ओ काढले. मी काही बोलणार इतक्यात तिचं पेन थांबलं. ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली, “दोन… ट्वेल्व्ह, ट्वेंटी…” आणि पहिला ओ खोडून तिथे डब्ल्यू घातला.